लाकडाला रफू

मित्रांनो, मी एक जुने टेबल आहे, शिंप्याचे कापड बेतायचे टेबल. सध्या तीन पायांवर भिंतीला टेकून उभा आहे. माझ्या चौथ्या पायाची गोष्ट तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचे नाही.

सुताराने मला चांगल्या जाड फळ्यांपासून बनवले, कारण शिंप्याची कात्री चालताना टेबल जराही हलून चालत नाही. शिंपी मास्तरांच्या दुकानात मी बावीस वर्षे ताठ उभा राहिलो. कोट, विजारी, गणवेश, सगळे माझ्या पाठीवर बेतले गेले. पण मास्तरांचे खरे नाव होते रफूसाठी. एकदा एक गिऱ्हाईक चष्मा पुसून पुसून आपल्याच कोटावरचे भोक शोधत बसले आणि शेवटी त्याने हात टेकले. मास्तर हसून म्हणाले, "टाका दिसला तर रफू कसलं?" त्या हाताचा मला केवढा अभिमान वाटायचा!

मग मास्तरांची नजर मंदावली, दुकान बंद झाले. घरी आणताना हमालाच्या हातून मी पायरीवर आपटलो आणि माझा मागचा डावा पाय उभा तडकला. सुताराला बोलवायचे सोडून मास्तरांनी दार लावून घेतले. फटीत सरस भरला, वरून कॅनव्हासची पट्टी गुंडाळली, बारीक टाके घातले आणि तपकिरी रंग फासला. लाकडाला रफू! त्यांच्या मुलीने विचारले, "बाबा, टेबल धड आलं ना?"

"ओरखडासुद्धा नाही," मास्तर म्हणाले. "माझं टेबल हलायचं नाही."

खोटे होते ते. पण खरे सांगू? मलाही ते ऐकून बरे वाटले.

पुढे माझ्यावर रद्दी, औषधे आणि घडी न घातलेले कपडे साचले. मी विसरला गेलो. तसाच राहिलो असतो तर बरे झाले असते.

मास्तरांची मुलगी ॲम्ब्युलन्स चालवायची. एका अपघातात तिचा उजवा पाय मोडला. सहा महिन्यांनी प्लास्टर निघाले, पण पायात जोर राहिला नव्हता. कामावर परत घेण्याआधी तिची ब्रेकची चाचणी होणार होती. ब्रेक वेळेवर आणि पुरेसा दाबला गेला नाही, तर गाडी कायमची सुटणार होती. तेव्हा तिच्या सोबतच्या ड्रायव्हरने आपल्या व्हिडिओ गेममधले स्टिअरिंग आणि पेडल्स सरावासाठी आणून दिली. त्यातला ब्रेक चांगलाच कडक होता.

अशा सामानाला वेगळा लोखंडी सांगाडा मिळतो म्हणे. तो या घरात कुठे ठेवणार?

"आपलं टेबल आहे की!" ती म्हणाली. मास्तर बाजूलाच उभे होते. त्यांनी माझ्यावरची रद्दी उचलायला घेतली.

माझ्या पुढच्या कडेला सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालून स्टिअरिंगचा पिळायचा शिकंजा आवळला गेला. पाठीवर मागच्या बाजूला जुना जड टीव्ही आला. खाली पेडल्स फरशीवरून पुढे सरकत होती, म्हणून त्यांच्यापुढे एक फळी आडवी टाकून ती माझ्या मागच्या दोन पायांना टेकवली. चाकांची खुर्ची मागे पळायची, तेव्हा तिच्या चाकांखाली जुने बूट अडकवले. "खुर्चीला बूट आणि माझ्या चपलेचा अंगठा तुटलेला," मास्तर म्हणाले. सगळे हसले. मला हसू आले नाही. ब्रेकचा सगळा जोर आता फळीतून माझ्या त्या पायावर येणार, हे मला कळून चुकले होते.

पहिल्याच दिवशी सरस सुटला. कर्र असा आवाज झाला आणि स्टिअरिंग डुगडुगले. तिने शिकंज्याला एक पिळा मारला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आवाज, पुन्हा पिळा. सगळे वरून आवळत राहिले, खाली वाकून कोणी पाहिले नाही. रंगाखाली पट्टीचा एकेक टाका उसवत होता.

मास्तरांना तो आवाज ओळखू आला. ते दारात येऊन उभे राहिले.

"जरा हळू दाब गं."

"हळू दाबून माणसं वाचत नाहीत, बाबा. का? टेबलाला काही झालंय का?"

तिने सरळ विचारले होते. मास्तरांनी तोंड उघडले. तेवढ्यात त्यांची पाच वर्षांची नात भिंगरी ओरडली, "आजोबांचं टेबल कधीच हलत नाही!" नातीकडे पाहून त्यांनी शब्द गिळला.

"काही नाही. पिळा आवळून घे," ते म्हणाले आणि आत गेले.

चाचणीला दोन दिवस उरले होते. दुपारी सराव जोरात चालला होता. भिंगरीने भिंतीकडून माझ्याखाली शिरून आपल्या खेळण्यातल्या गाड्यांचे गॅरेज मांडले होते. मी करकरत होतो. माझ्याकडे ओरडायला एवढा एकच आवाज होता आणि घराला त्याची सवय झाली होती. मास्तरांच्या मुलीने ब्रेकवर सगळा भार टाकला. माझा तो पाय मधोमध फाटला. मी मागे कलंडलो, टीव्ही मागे घसरला आणि माझी वरची फळी भिंगरीच्या डोक्यावर येऊ लागली.

मास्तरांच्या मुलीने बूट ढकलून खुर्ची मागे घेतली असती, तर ती स्वतः सुटली असती. तिने तसे केले नाही. नुकताच बरा झालेला पाय तिने माझ्याखाली घातला आणि टीव्हीसकट मला तोलून धरले. भिंगरी रांगत बाहेर पडली. मग मी त्या पायावर बसलो.

आता तिच्या पायाला पुन्हा प्लास्टर आहे. चाचणीचा दिवस निघून गेला. काल तिने माझा तुटलेला पाय हातात घेतला आणि लोंबणारी पट्टी पाहिली.

"बाबा, तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं," मास्तर म्हणाले. तिने तो लाकडी पाय खाली ठेवला. मग भिंतीकडे तोंड फिरवले.

मित्रांनो, तुमच्या हातून काही मोडले तर लगेच सांगा. लाज वाटेल, कोणी रागावेल, तरी सांगा. आणि तुमच्या घरात काही करकरत असेल, तर एकदा वाकून खाली पाहा.

उद्या सुतार येणार आहे. दिवसभरात मला नवा पाय बसवून देतो म्हणाला. तिच्या पायाबद्दल डॉक्टर अजून काहीच बोलत नाहीत.