कोपऱ्यातली चौकट

माझ्या दुकानाच्या पाटीवर लिहिलंय, ‘टीव्हीवरचे रेकॉर्ड केलेले कार्यक्रम डिस्कवर उतरवून मिळतील. मूळ चित्राला धक्का न लावता.’ ही शेवटची ओळ मी रंगाऱ्याकडून मुद्दाम ठळक करून घेतली होती. तीस वर्षं टीव्ही, व्हिडिओ आणि रेकॉर्डर उघडतेय. माझ्या कामात कुणी खोट काढलेली मला खपत नाही. गिऱ्हाईकं पाठीमागे मला ‘करवत’ म्हणतात, हेही ठाऊक आहे. म्हणेनात का.

त्या दिवशी तीसएक वर्षांची एक मुलगी आली. तान्हं मूल धरावं तसा रेकॉर्डर छातीशी धरला होता. मागून तिचे वडील, कडक इस्त्रीचा शर्ट, खिशात छोटी वही आणि पेन्सिल. मी “बसा” म्हटलं, तर ते उभेच राहिले.

“बाबांना ऐकू येत नाही, जन्मापासूनच,” मुलगी म्हणाली. “ताई, ह्या डब्यात आईच्या बातम्या आहेत. एकशेचाळीस. पण डबा आता मधेच बंद पडतो, आतून टकटक करतो. पुरता बसायच्या आत सगळं डिस्कवर हवंय.”

“आईच्या बातम्या म्हणजे?”

मग कळलं. संध्याकाळच्या बातम्यांत पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट असायची. तिच्यात एक बाई हातांच्या खुणांनी बातम्या सांगायच्या. अकरा वर्षं त्या बाई म्हणजे हिची आई. आईला ऐकू येतं, पण वडिलांशी संसार करताना हातांची भाषा तिची स्वतःचीच झाली होती. वडील घरी बसून बातमीपत्रं रेकॉर्ड करायचे. आठ महिन्यांपूर्वी आईला अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला.

“डॉक्टरांनी चेंडू दाबायला दिला होता,” मुलगी म्हणाली. “चार दिवसांत तिने तो कपाटाखाली घालवला. मग एकदा बाबांनी सहज तिचं जुनं बातमीपत्र लावलं, तर तिचा हात आपोआप उचलला गेला. आता रोज एक लावते आणि स्वतःचीच नक्कल करते. बाबा समोर बसून चुका काढतात. तीन बोटं परत आलीत, ताई. डबा बंद पडला तर शिकवणीच बंद.”

“आठ दिवसांनी या,” मी म्हटलं. “एक कण हलणार नाही चित्राचा.”

मी रेकॉर्डर एका बाजूला चालवला, दुसऱ्या बाजूला संगणकावर उतरवून घेतलं, नेहमी करते तसं. वर माझं शहाणपण म्हणजे चित्रातल्या मुंग्या पुसून काढल्या, रंग उजळले आणि पस्तीस तासांचा सगळा ऐवज सहा डिस्कवर बसवला. सहा! दिसायला काय सुबक दिसत होत्या. स्वतःवरच खूश होऊन मी त्यांना नव्या डब्या घातल्या.

बापलेक आले. मी पहिली डिस्क लावली. काकांना नीट कळावं म्हणून आवाज मोठा केला आणि मग जीभ चावली. काकांनी ते पाहिलं आणि हसले. मग त्यांनी माझ्या हातातून रिमोट घेतला, बातम्या भराभरा पुढे सरकवल्या आणि अगदी शेवट लावला. चौकटीतल्या बाई हात खाली घेतात, चौकट नाहीशी होते. त्यांनी परत तेच लावलं. मग दुसऱ्या बातमीपत्राचा शेवट, मग तिसऱ्याचा. चौथ्याला त्यांचा चेहरा पडला.

वहीत लिहिलं, ‘इथे ती काहीतरी म्हणते. ते गेलं.’

“काही गेलेलं नाही,” मी मुलीला म्हटलं. “त्यांना सांग, बातम्या संपल्या, बाईंनी हात खाली घेतले, बास. तिथे काही नव्हतंच.”

मुलीने हातांनी सांगितलं. काकांनी शांतपणे पान उलटलं, पुन्हा लिहिलं आणि वही माझ्यासमोर धरली. ‘बाहेरची पाटी वाचली आहे का?’

माझं डोकंच फिरलं. खोटं पाडायचं म्हणून मी त्यांचा रेकॉर्डर टीव्हीला जोडला आणि तेच बातमीपत्र लावलं. दोनदा पाहिलं, काही नाही. तिसऱ्यांदा काकांनी पडद्यावर नेमकं बोट ठेवलं, तेव्हा दिसलं. हात खाली घेता घेता बाईंची उजवी दोन बोटं डाव्या मनगटावर दोनदा टेकली आणि तळवा उलटा झाला. पापणी लवायच्या आत खेळ खलास.

मुलगी हसायला लागली. “हे होय! ‘निघाले, चहा ठेव.’ बातम्या थेट जायच्या ना. घरी फोन करून बाबांना काय उपयोग? म्हणून ती जाता जाता सांगायची. साहेबांना कळलं असतं तर नोकरी गेली असती, म्हणून इतकं झटकन. पुढे मोबाईल आले, मेसेज करता आला असता, पण ह्यांची सवय काही सुटली नाही.” मग तिचं हसू ओसरलं. “रोजच्या सरावात आई सगळ्यात शेवटी हेच करून बघते. बाकीचं थोडं थोडं जमतंय. हे अजून एकदाही नाही जमलं.”

मी त्यांना दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं आणि दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावून बसले. उत्तर शोधावं लागलंच नाही, मला ते येतच होतं. टीव्हीचं असलं चित्र सेकंदाला पन्नास अर्ध्या चित्रांचं असतं. आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. जागा वाचावी म्हणून मी दर दुसरं अर्धं चित्र टाकून दिलं होतं. मुंग्या पुसण्याच्या नादात उरलेलं घासून गुळगुळीत केलं होतं. तोंडाने बोलणाऱ्याचं त्यात फारसं बिघडत नाही, आवाज सगळं सांभाळून घेतो. हातांनी बोलणाऱ्या बाईंचं मात्र निम्मं बोलणं मी केरात टाकलं होतं. तीस वर्षं मी चित्र कानांनी तपासत होते आणि पाटीवर ती ओळ मिरवत होते. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मुलगी कामावर होती, काका एकटेच आले. मी त्यांच्या वहीत लिहिलं, ‘चूक माझी. पाटी वाचली.’ त्यांनी वाचलं आणि खुर्ची ओढून बसले. पहिल्यांदाच बसले.

आता एकच मार्ग होता. डबा उघडायचा, आतली हार्डडिस्क काढायची आणि रेकॉर्डिंग जसंच्या तसं उचलायचं. पुसायचं नाही, दाबायचं नाही, उजळायचं नाही. धोका एवढाच, की ती डिस्क मरणपंथाला लागलेली. ताण पडून बसली असती तर हाती उरल्या असत्या फक्त त्या सहा गुळगुळीत डिस्क. हे सगळं मी लिहून दाखवलं. काकांनी खाली एकच शब्द लिहिला, ‘करा.’

शंभरपर्यंत सगळं सुरळीत गेलं. एकशेबाराव्या बातमीपत्राला गाडं अडलं. टकटक सुरू झाली. सगळं बंद केलं, पंखा लावला, थंड होऊ दिलं, पुन्हा सुरू केलं. तीन मिनिटांत पुन्हा तेच. आवाज येईपर्यंत उशीर झालेला असायचा.

तेव्हा काका उठले आणि त्यांनी हार्डडिस्कवर अलगद तळवा ठेवला. जरा वेळाने त्यांनी दुसऱ्या हाताचं बोट वर केलं. मी थांबवलं. कानांना काहीच आलं नव्हतं, पण त्यांच्या हाताला थरथर आधीच लागली होती. मग तसंच चाललं. ते बोट वर करायचे, मी थांबायची, दोघं पंख्याकडे बघत बसायचो, ते मान हलवायचे, मी पुन्हा सुरू करायची. एवढं निमूटपणे मी कुणाचं ऐकल्याचं मला तरी आठवत नाही. दोन दुपारी गेल्या. एकशेचाळीसपैकी एकशेसदतीस धडधाकट उतरली. तीन काही केल्या येईनात.

मी खजील होऊन आकडा लिहिला. काकांनी खाली लिहिलं, ‘तीन दिवस ती रजेवर होती असं समजू.’

अठरा डिस्क झाल्या. पहिली लावली, शेवटावर नेली. दोन बोटं, मनगट, दोनदा, तळवा. स्वच्छ. काकांनी माझ्याकडे पाहून फक्त मान डोलवली आणि मला तिथेच रडू फुटलं. करवतीला रडताना पाहिलेलं दुसरं कुणी नाही, ते एक बरं.

दोन महिन्यांनी दुपारी दुकानाचं दार उघडलं. मुलगी आईला हाताला धरून घेऊन आली. कोपऱ्यातल्या चौकटीत मी त्यांना इतक्या वेळा पाहिलं होतं, की त्या एवढ्या उंच असतील असं वाटलंच नव्हतं.

“नववी डिस्क अडकते,” त्या म्हणाल्या. बोलणं थोडं जड होतं, पण स्पष्ट. “मी जास्त घासली बहुतेक. दुसरी करून द्याल?”

“आत्ता देते. बसा. काका नाही आले?”

“आलेत की,” मुलगी म्हणाली. “बाहेर तुमची पाटी वाचतायत. दर वेळी वाचतात.”

मी डिस्क करायला घेतली. काम झालं, डबीत घालून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती लगेच उचलली नाही. त्या काचेतून बाहेर काकांकडे बघत होत्या. काकांनीही वर पाहिलं. मग बाईंनी उजवा हात उचलला. हात थरथरला, घसरला, त्यांनी तो पुन्हा वर घेतला. दोन बोटं डाव्या मनगटावर टेकली. एकदा. मग बऱ्याच वेळाने दुसऱ्यांदा. आणि तळवा हळूहळू उलटा झाला. इतक्या सावकाश, की माझ्या त्या पहिल्या सहा डिस्कमध्येसुद्धा हे हरवलं नसतं.

पैसे काढायला गेलेला मुलीचा हात पर्समध्येच राहिला. मला कुणी अर्थ सांगायची गरज नव्हती.

काका क्षणभर काचेपलीकडे नुसते उभे राहिले. मग वळले आणि आमच्यापैकी कुणाचीही वाट न बघता तरातरा घराकडे निघाले.