दोन्या मेन्सियाचं नाव

चित्रकार नवरा वारल्यापासून इनेस स्पेनमधल्या वायादोलिद शहरातली त्याची चित्रशाळा एकटीच सांभाळत होती. पोशाखावरची जर आणि मोती रंगवण्यात तिचाच हात सरस, हे दरबारात सगळ्यांना ठाऊक होतं. बोलून मात्र कुणी दाखवत नसे.

एका सकाळी गास्पार कारभारी खेचरावर एक चित्र लादून आला. चादर काढताच इनेसनं ओळखलं. दोन्या मेन्सिया, गास्पारची सरदारीण मालकीण! चाकाएवढी पांढरी गळपट्टी, काळ्या मखमलीवर सोनेरी वेलबुट्टी आणि मोतीच मोती. त्या मोत्यांपायी इनेसचा अख्खा हिवाळा गेला होता.

"कोपऱ्यातलं बाईसाहेबांचं नाव आणि घराण्याचं चिन्ह पुसून टाका. आजच."

"का?"

"बाईसाहेबांचा हुकूम."

"लेखी?"

"तुम्हाला रंगाशी मतलब की कागदाशी?"

इनेसच्या मनात पाल चुकचुकली. निनावी चित्र कुणीही विकावं! शिवाय हा सारखा दाराकडे बघत होता.

"बसा, रंग घोटून आणते," म्हणत ती मागच्या दारानं निघाली, ती थेट मेन्सियाच्या घरी.

तिथं भिंती उघड्या पडलेल्या. साध्या लोकरी झग्यातली मेन्सिया स्वतःच पेटी बांधत होती.

"बाईसाहेब, तुमचा कारभारी चोर आहे!"

"गास्पार? तोच एक उरलाय." मेन्सिया मटकन पेटीवर बसली. "काल ह्यांना पकडून नेलं. आता आमच्या नावाचं जे सापडेल ते राजाची माणसं जप्त करणार. तेवढं चित्र सेगोव्याला आईकडे जावं. लग्नानंतर तिनं मला पाहिलेलं नाही."

"मग त्यानं मला सांगायचं नाही?"

"मीच बजावलं होतं. तुमचाही भरवसा वाटेना, इनेस."

ते इनेसला झोंबलं. पण आपणही गास्पारला चोरच ठरवलं, वेगळं काय केलं? ती चित्रशाळेत परतली.

"घोटला का रंग?" गास्पारनं टोमणा मारला.

"घोटला. गप्प बसा आता." तिनं कुंचला घेऊन नाव आणि चिन्ह काळ्या रंगाखाली बुजवलं.

दुसऱ्या दिवशी राजाचा अंमलदार जप्तीसाठी चित्रशाळेत आलाच आणि त्या चित्रापुढे थांबला.

"ही कोण?"

"कुणी नाही. गिऱ्हाइकांना दाखवायचा पोशाखाचा नमुना."

"नमुन्यावर एवढे मोती?"

"गिऱ्हाईक मोत्यांवरच भुलतं, साहेब."

त्यानं चित्राचा कोपरा न् कोपरा न्याहाळला, पण नाव कुठं सापडेना. मग निघून गेला.

चित्र लोकरीच्या गठ्ठ्यांखालून सेगोव्याला पोचलं. गास्पार सांगत आला, म्हातारीनं आधी चेहऱ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "पोर वाळलीय."