उजव्या खांद्यावरचे पदर

सोनियाने दोन बोटांनी पडद्यावरचं चित्र मोठं केलं आणि फोन सासऱ्यांच्या डोळ्यांपुढे धरला.

"आता बघा, मामा. काही ओळखू येतं का?"

लक्ष्मणरावांनी डोळे बारीक केले. खोदकाम चाललेली विहीर. एका अंगाने काठ खचून आत गेलेला. कडेला क्रेन कलंडलेली, तिचा लोखंडी दोर आत लोंबणारा. माणसं धावत होती, बाया ऊर बडवत होत्या. पण त्यांचा आवाज काढून वर कुठलंसं रडवं गाणं बसवलेलं. खाली लिहिलं होतं, क्रेनवाला आणि दोन मजूर आत दबले, प्रार्थना करा. गावाचं नाव नव्हतं.

"परत लाव," ते म्हणाले.

सतरा सेकंदांचा व्हिडिओ. दुपारपासून कितीदा लावला याची गणती नव्हती. लक्ष्मणरावांचा मुलगा रामकिसन तीन दिवसांपूर्वी पुंडलिकनगरच्या या भाड्याच्या खोलीतून क्रेन घेऊन निघाला होता. पाण्याविना शिवारं तडकलेली, जो तो आपली विहीर खोल करायला बसलेला. एका गावाचं काम उरकलं की तिथूनच दुसरं गाव. काल संध्याकाळी तो सोनियाला म्हणाला होता, "उद्या नवीन काम हाय. पोचलो की गाव सांगतो." सकाळपासून त्याचा फोन बंद होता.

सोनियाने व्हिडिओखाली विचारलं होतं, गाव कोणतं? एकाने बीड सांगितलं, दुसऱ्याने जालना. तिसरा म्हणाला, चार वर्षांपूर्वीचा आहे. ज्याने टाकला त्याच्या नावापुढे छत्रपती संभाजीनगर होतं. पण त्याच्याच पानावर हैदराबादची बिर्याणी होती आणि बिहारचा पूरही होता.

"इथं बसून जगाचं टाकतंय बेणं," लक्ष्मणराव म्हणाले. "त्यालाच विचार की."

"विचारलं. म्हणतो, आधी फॉलो करा."

ती पुन्हा पडद्यावर वाकली आणि एकदम थांबली.

"मामा! बायांचे पदर बघा. सगळ्यांचे उजव्या खांद्यावर."

"मग?"

"आपल्याकडं डाव्या खांद्यावर घेतात. हे गुजरातकडचं आहे. आपलं नाहीच हे!"

ती भिंतीला टेकून खाली बसली. हसली, आणि हसता हसता तिने पदराने डोळे दाबले. मग फोन त्यांच्या हातात देऊन आत गेली. तिथूनच तिचा आवाज आला, "येऊ द्या त्यांना घरी. फोन चार्ज करायची अक्कल नाही, आणि निघाले क्रेन चालवायला."

आत स्टोव्हवर भांडं ठेवल्याचा आवाज झाला. सकाळपासून घरात चूल पेटली नव्हती.

लक्ष्मणरावांनीही श्वास सोडला. व्हिडिओ आपोआप पुन्हा सुरू झाला. चाळीस वर्षं त्यांनी विहिरी खोदल्या होत्या. खचलेल्या विहिरीत त्यांची नजर आधी मातीकडे जाई. दुपारपासून ते मातीच बघत होते. आता जिवावरचं ओझं उतरल्यावर त्यांनी पहिल्यांदा माणसांकडे पाहिलं.

दोर ओढणाऱ्याच्या शर्टाचा खिसा उजव्या छातीवर होता. त्याच्यामागे पांढऱ्या शर्टातला. त्याचाही उजवीकडे. तिसऱ्याचाही.

त्यांचा हात आपल्या छातीवर गेला. डाव्या खिशात तंबाखूची पुडी होती.

ते उठले. भिंतीवरच्या आरशासमोर उभे राहिले आणि फोन आरशाकडे तोंड करून धरला. आरशात बायांचे पदर डाव्या खांद्यावर आले. खिसे जागेवर आले. आणि विहिरीमागची दोन कुबडांची टेकडी फिरली. मोठं कुबड डावीकडे, धाकटं उजवीकडे. बहात्तरच्या दुष्काळात, अठरा वर्षांचे असताना, त्या टेकडीखाली त्यांनी सहा महिने खडी फोडली होती.

आरशात त्यांच्या मागे सोनिया दिसली. हातात दोन कप. फोन खाली घेण्याचं त्यांना सुचलं नाही.

सतरा सेकंद संपले.

"उलटा करून टाकलाय," ती हळूच म्हणाली. "दुसऱ्याचा चोरला की ओळखू येऊ नये म्हणून करतात तसं." तिने कप जमिनीवर ठेवले. एक कलंडला. "कुठलं आहे?"

"देवगाव रंगारीच्या अलीकडं."

तिने पोलिसांचा नंबर लावला आणि स्पीकर सुरू केला. नियंत्रण कक्षातल्या माणसाने लक्ष्मणरावांचं पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

"आजोबा, तो व्हिडिओ गुजरातचा आहे. वीस फोन आले. प्रत्येकाला आपलंच गाव दिसतंय."

"साहेब, तुमच्या शर्टाचा खिसा कुठल्या अंगाला हाय?"

"काय?"

"हात लावून बघा. मग त्या माणसांचा बघा."

पलीकडे खुर्ची सरकली. "अरे, तो विहिरीचा व्हिडिओ लाव बरं." थोड्या वेळाने तोच आवाज परत आला, पण बदललेला. "दुपारी एक फोन आला होता. विहीर, विहीर म्हणत कट झाला. कुणीतरी पिशोर सांगितलं म्हणून गाडी तिकडं पाठवलीय. आता ती वळवायची म्हणजे… नक्की ना, आजोबा?"

लक्ष्मणरावांनी सुनेकडे पाहिलं. "नक्की."

"रस्ता सांगा. थेट ड्रायव्हरला जोडतो. लाईन तुटू देऊ नका."

"डांबरी सोडली की कोरडा ओढा लागतो," लक्ष्मणराव सांगू लागले. "त्याच्या पुढं पडकी शाळा…"

फोनमध्ये टुक टुक वाजू लागलं. पडद्यावर दुसरं नाव आलं. रामकिसन.

लक्ष्मणरावांचा शब्द तोंडातच राहिला. सोनियाचा अंगठा त्या नावावर गेला आणि तिथेच थांबला. या फोनवर दुसरा कॉल घेतला की पहिला तुटायचा. दोनदा झालं होतं तसं. पलीकडचा फोन रामकिसनचाच होता. पण तो कानाला लावून कोण उभं होतं, ते कळायला मार्ग नव्हता.

"हॅलो? पडक्या शाळेच्या पुढं काय?" ड्रायव्हर ओरडत होता.

सोनियाने अंगठा उचलला. मूठ घट्ट आवळली.

"सांगा, मामा," ती म्हणाली. "पुढं सांगा त्यांना."

"शाळेपासून डाव्या अंगाला," लक्ष्मणराव म्हणाले. "दोन कुबडांची टेकडी समोर ठेवायची. बैलगाडीची वाट हाय, पण गाडी जाईल."

नाव अजून पडद्यावर उजळत होतं.