नसलेल्या घुमटाखाली मुलगी पाहणे

एक पेटी संत्री, वरच्या थरातली चकचकीत.

"कोणी विचारलं तं इंदोरले गेलो होतो म्हणजो."

घुमटावर दोन ओळी. घुमट पाहायच्या आधीच लिहिलेल्या.

डोक्यावर न टिकणारी निळी ओढणी.

पांढुर्ण्याचं मंगल कार्यालय, बोलून ठेवलेलं.

आता जुळवू. संत्री पुंडलिकरावांची, मुलाकडच्यांना द्यायला आणलेली; बगीचा बोरगावला, घर सौसरला. इंदोरची थापही त्यांचीच, ड्रायव्हरला शिकवलेली. ओढणीखाली त्यांची मुलगी हिमानी. कार्यालय बोलून ठेवलं सरलाबाईंनी, म्हणजे मुलाच्या आईनं. मुलगा पुण्याला आहे म्हटल्यावर नकार कशाला येतो? आणि घुमट त्या मुलाचा. केतनचा.

पोहे खात मुलगी पाहणं केतनला मागासलेलं वाटतं. त्याचे जुन्या वास्तूंवरचे व्हिडिओ खूप लोक पाहतात. म्हणून मुलगी बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत पाहायची ठरली. पोहे डब्यात होतेच. हिमानीनं परतेपर्यंत उत्तर द्यायचं होतं. ते काय येणार, याची तिच्याशिवाय कुणालाच काळजी नव्हती.

मशीद काळ्या दगडाची. आत कमानीमागे कमान, तिच्यामागे आणखी कमान; सगळ्यांनी मिळून छत उचललेलं आणि एकीनंही तसं दाखवलेलं नाही. हिमानी बोलायचं विसरली.

केतन विसरला नाही. फोन काठीवर चढला.

"इस्लामी स्थापत्याचा आत्मा म्हणजे घुमट! या भव्य घुमटाखाली माणूस आपोआप नम्र होतो."

(इथे नंतर बासरी टाकायची.)

"अगं बाई, केवढा घुमट!" सरलाबाई म्हणाल्या. त्या फोनच्या पडद्याकडे पाहत होत्या.

"घुमट तं एक नंबर आहे जी," पुंडलिकराव म्हणाले. मशिदीत ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून ते आल्यापासून फरशीकडेच पाहून राहिले होते.

हिमानीनं वर पाहिलं. "कुठं आहे घुमट?"

"आतून कळत नाही. बाहेरून बघ."

ती अंगणात गेली. दोन उंच मिनार. मधे सपाट छत आणि कबुतरं. केतन मागून आला.

"इथूनही नाही दिसत जी."

"बाहेरून नाहीच दिसत. तो आतून अनुभवायचा असतो."

इथवर ती हसली असती. लग्नानंतर चिडवायला एक गोष्ट मिळाली असती.

हौदावर एक म्हातारा नमाजाआधी हातपाय धूत होता.

"चाचा, जरा साइड में. फ्रेम में आ रहे हो."

"नमाज का वक्त हो रहा है, बेटा."

"बस, दो मिनट. जगह खाली दिखनी चाहिए."

म्हातारा ओल्या कोपरांनी उठला आणि आपल्याच मशिदीच्या भिंतीला लागून पाहुण्यासारखा उभा राहिला. मोकळा वारसा छान निघाला. केतननं तो तीनदा घेतला.

परतताना मुलताईला चहासाठी दोन्ही गाड्या थांबल्या. मायलेक टपरीवर गेले, तेव्हा हिमानी बापाला म्हणाली, "मी नाही म्हणते."

"काऊन? पोट्टा दारू पेत नाही. पुण्यात फ्लॅट आहे."

"तिथं घुमट नव्हता, बाबा."

"मंग? तुले घुमटात राहाचं आहे का फ्लॅटमंधी?"

"अन् त्या चाचाले उठवलं, तेव्हा तुम्ही काऊन नाही बोलले?"

पुंडलिकरावांनी टपरीकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं.

"मी कुठं होतो तिथं? मी तं इंदोरले होतो."

टपरीवर केतननं व्हिडिओ टाकला: घुमटाखाली नम्र झालो. खाली जोडलेले हात येऊ लागले. पहिले सरलाबाईंचे.

संत्र्यांची पेटी सरलाबाईंच्याच गाडीत राहिली, पांढुर्ण्याला गेली.

सकाळी सौसरहून निघताना हिमानीनं हो म्हणायचं ठरवलं होतं.