ड्रायव्हरसाहेबांची लघवी

लघवीवरून भांडणारी बाई म्हणून इथे सगळे मला ओळखतात. ओळखू देत. अतिदक्षता विभागात सिस्टर म्हणून चौतीस वर्षं काढलीत मी. आले तेव्हा अख्ख्या हॉस्पिटलात डायलिसिसचं एकच मशीन होतं, कपाटाएवढं. अत्यवस्थ पेशंटची किडनी बंद पडली की मोठे डॉक्टर नातेवाइकांना बोलावून घ्यायला सांगायचे आणि चहाला जायचे. आता खाटेगणिक मशीन आहे, तरी निम्मे जातातच. पण निम्मे राहतात ना! मी भांडते ती त्यांच्यासाठी.

सहा नंबरला एक बस ड्रायव्हर होते. आतडं फुटून विष अंगभर पसरलेलं, त्यात किडन्या बसल्या. तीन आठवडे दिवसाआड डायलिसिस चाललं होतं आणि मशीन लावलं की बीपी कोसळायचं. लघवीचा थेंब नाही, मग उगाच जंतू कशाला, म्हणून आठ दिवसांपूर्वी लघवीची नळी काढून डायपर बांधलं होतं.

सकाळी राउंडला नवे डॉक्टर म्हणाले, "किडनी परत येत नाही. हे नुसते हाल आहेत. आज मशीन लावायचं नाही. बारा वाजता मी त्यांच्या बायकोशी बोलतो."

माणूस वाईट नव्हता. तीन आठवडे तोही धड झोपला नव्हता.

मी ड्रायव्हरसाहेबांचं अंग पुसायला घेतलं. मावशींनी डायपर काढून बादलीत टाकलं, तर धपकन आवाज आला. "जुलाब होतायत ना त्यांना," मावशी म्हणाल्या. मी उघडून पाहिलं. जुलाबाचा डागसुद्धा नाही. नाकाशी नेलं. अहो, हा वास ओळखायला मला काय प्रयोगशाळा लागते? काट्यावर ठेवलं. कोरड्या डायपरपेक्षा एकशे नव्वद ग्रॅम जास्त!

मग तक्ता काढला. नळी काढल्यापासून लघवीच्या रकान्यात शून्य, शून्य, शून्य. ओलं दिसलं ते जुलाबाचं, असं धरून प्रत्येक पाळीनं आधीच्या पाळीचं शून्य खाली उतरवलं होतं. वजन एकीनंही केलं नव्हतं. त्यातली पाच शून्यं माझ्या अक्षरातली होती. माझ्या! कुणी कानाखाली वाजवली असती तर निमूट खाल्ली असती मी. तक्ता घेऊन डॉक्टरांना काट्यापाशी बोलावलं.

"एवढ्याशा लघवीनं काय होतंय, सिस्टर?" डॉक्टर म्हणाले.

"मेलेली किडनी डायपर भिजवत नाही, डॉक्टर. मशीन लावा, पण अंगातलं पाणी बेतानं ओढा; बीपी पडलं की किडनी पुन्हा मार खाते. आणि नळी घालून मोजू या."

"आणि आठ दिवस शून्य कसं, हे वर कोण सांगणार?"

"माझं नाव लिहा. काय वाकडं करायचं ते करू देत. पण या माणसाला मी शून्यावर मरू देणार नाही."

त्यांनी स्वतः पुन्हा वजन केलं. मग मशीन लावायला सांगितलं.

बारा वाजता ड्रायव्हरसाहेबांची बायको बाहेर बाकावर बसली होती. मांडीवर नवऱ्याचा इस्त्रीचा शर्ट. काय ऐकायला बोलावलंय, ते तिला कळलं होतं.

"त्यांना लघवी होत होती," मी म्हणाले. "आम्ही बघितलंच नाही. मीसुद्धा."

"म्हणजे आज तुम्ही त्यांना..."

"हो. सोडूनच देणार होतो."

ती रडेल असं मला वाटलं. तिनं शर्ट पिशवीत कोंबला आणि ताडकन उठली.

"मला आत न्या. आता तुम्ही काय मोजता, ते मी बघणार."

ती वेळ नातेवाइकांची नव्हती. मी दार उघडलं.