रिटेकसाठी ठेवलेलं घर

थ्रिलर सिनेमाची सुरुवातीची दोन मिनिटं करून आणा, असं सरांनी सांगितलं आणि वर्गात चार-चार जणांचे गट पडले. पडले म्हणजे काय, ज्यांचे आधीपासून होते त्यांनी नुसती नावं लिहून दिली. मनस्वीचं नाव कुणीच लिहिलं नाही. शेवटी सरांनी यादीवरून पेन फिरवत विचारलं, "हिला कोण घेतंय?" गौरवच्या गटात तीनच जण होते, म्हणून ती तिथे गेली. भाजीवाली जाता जाता पिशवीत चार पानं कढीपत्ता टाकते, तशी.

गौरव दिग्दर्शक, मृणाली नायिका, आणि अनसचा फोन चांगला म्हणून तो कॅमेरामन. मनस्वीचं काम काय हे कुणी सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. रत्नागिरीच्या हॉस्टेलवर तिने दीड वर्ष काढलं होतं. आपण काही विचारलं की लोक आधी एकमेकांकडे बघतात, एवढं तिला त्यात समजलं होतं.

गाडं अडलं ते घरावर. गोष्ट अशी की एक मुलगी बंद घर उघडून आत जाते आणि तिच्या मागोमाग कुणीतरी आत शिरतं. भाट्याच्या किनाऱ्यावरच्या एका बंगलेवाल्याने तर गेटही उघडलं नाही. जयगडला अनसच्या चाचाचं मोठं घर होतं. चाचा कतारला, पण चाचीने बंदरावरच्या कामगारांना खोल्या भाड्याने दिलेल्या. तिथे भूत आलं असतं तरी त्याला उभं राहायला जागा मिळाली नसती. तिसऱ्या दिवशी कँटीनमध्ये तिघं तोंड पाडून बसलेली असताना मनस्वी म्हणाली, "आमचं घर आहे. लांज्याच्या पुढे. बंदच असतं."

तिघांच्या माना एकदम वळल्या.

"बंद म्हणजे अगदी बंद?" गौरवने विचारलं.

"हो. बाबा मुंबईलाच असतात. भावाच्या शाळेसाठी जूनमध्ये आईपण गेली. गणपतीत उघडलं होतं तेवढंच."

"जाळीबिळी आहेत?"

"असतील ना."

"भारी!" असं म्हणून त्याने तिच्या हातावर टाळी दिली. एका टाळीने माणसाने किती खूश व्हावं याला काही माप असतं की नाही? मनस्वीच्या बाबतीत नव्हतं. तिने लगेच बाहेर जाऊन आईला फोन लावला आणि सांगितलं, "रविवारी माझे मित्र-मैत्रिणी येणार आहेत आपल्या घरी." गट म्हणाली नाही, प्रोजेक्ट म्हणाली नाही.

आई तिकडे विरारच्या खोलीत एवढी हरखली की विचारू नका. "एकटी काय काय करशील गो? सखूकाकीला सांगते मी. चावी तिच्याकडेच आहे."

शनिवारी मनस्वी गावी गेली आणि तिने जे करायचं नाही नेमकं तेच केलं. घर कशासाठी हवंय हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण पाहुणे येणार आणि घर झाडायचं नाही, हे तिला जन्मात कुणी शिकवलं नव्हतं. दार उघडल्यावर हात आपसूक केरसुणीकडे गेला. शेजारची सखूकाकी शेणाची पाटी घेऊन आली. दोघींनी मिळून जाळी काढली, भांडी घासली, पडवी आणि पुढचं खळं सारवलं. रविवारी सकाळी उठून मनस्वीने दारात रांगोळीसुद्धा घातली. चुलीवर काळ्या वाटाण्याची आमटी चढवली, घावण्यांचं पीठ भिजवलं, आणि दहाच्या गाडीची वाट बघत ती पायरीवर बसली.

मंडळी आली. गौरव खळ्याच्या कडेलाच थांबला.

"हे काय?"

"काय?"

"अगं, इथे खून व्हायचाय! हे बघून तर सत्यनारायण घालावासा वाटतोय."

मृणालीला हसू आवरेना. मनस्वीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "मला वाटलं…" ती म्हणाली.

मग सुरू झालं घर घाण करणं. काजूच्या बागेतून पाचोळा भरभरून आणला. माती आणली, चुलीतली राख आणली. अनस म्हणाला, "तू राहू दे, मी टाकतो." त्याचा आवाज खरंच मवाळ होता. पण तिनेच पाटी उचलली आणि कालच्या सारवणावर ओतली. आपल्यामुळे काम अडलं असं कुणाला वाटू नये, एवढंच तिच्या डोक्यात होतं. कुंपणापलीकडून सखूकाकी ओरडली, "काय गो बाय, याड लागलाय काय तुमाला? काल काय केलाव नि आज काय करताव!" मनस्वीने तिच्याकडे बघितलंच नाही.

शूटिंगला मात्र मजा आली. खुन्याचे नुसते पाय दिसणार होते आणि ते पाय गौरवचे. 'ॲक्शन' झालं की तो दबक्या पावलांनी यायचा आणि उंबऱ्याशी आला की बूट काढायचा. एकदा नाही, तीनदा. आता खून करायला आलेला माणूस बूट काढून, ते नीट कडेला लावून आत शिरतो का? पण लहानपणापासूनची सवय, पाय ऐकतील तर ना. तिसऱ्यांदा अनसच्या हातातला फोन हसून हसून हलायला लागला, मृणाली पडवीत बसली, आणि मनस्वीही डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. ते हसणं चौघांचं होतं. तिने कितीतरी दिवसांत असं कुणाबरोबर हसून घेतलं नव्हतं.

जेवण उभ्याउभ्याच झालं, चारची गाडी गाठायची होती. अनसने पाच घावणे खाल्ले. "मस्त झालेत," तो म्हणाला. निघताना गौरवने बजावलं, "हे बघ, काहीही हलवू नकोस. पाचोळा, माती, सगळं असंच राहू दे. कंटिन्युइटी म्हणतात याला. रिटेक लागला तर परत यावं लागेल." मनस्वीने जोरात मान हलवली. भांडी आवरायची म्हणून ती मागे राहिली. ती कशी येणार हे कुणी विचारलं नाही, पण परत यायचंय, हे ते सांगून गेले होते.

तिने पानही हलवलं नाही. काकी केरसुणी घेऊन आली तर तिला दारातूनच परत पाठवलं. "अगो, पन तुज्या आयशीला काय सांगू मी?" काकी म्हणाली. "मी सांगते आईला," मनस्वी म्हणाली. आईला तिने सांगितलं की ते सगळे पुन्हा यायचे आहेत. एका शनिवारी ती मुद्दाम जाऊन बघून आली. वाऱ्याने पाचोळा कोपऱ्यात गेला होता, तो तिने मोबाइलमधला फोटो बघून होता तसा पसरून ठेवला. पुढच्या वेळी घावण्यांबरोबर नारळाचा रस करायचा, असंही ठरवून टाकलं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तिने विचारलं, 'रिटेक कधी?' गौरवने लिहिलं, 'बघू.' आठ दिवसांनी तिने पुन्हा विचारलं. तिघांनी वाचलं, उत्तर कुणीच दिलं नाही.

महिन्याने वर्गात सगळ्या गटांची कामं दाखवली. मृणालीने दार ढकललं तेव्हा मागच्या बाकावरची पोरं चिडीचूप झाली. पाय उंबऱ्यात आले तेव्हा एकीने किंकाळी मारली. टाळ्या पडल्या. सर खूश होते.

"घर कुठलं रे हे?"

"मिळालं सर एक, लांज्याकडे," गौरव म्हणाला. "बंद पडलेलं."

"रिटेक किती घेतले?"

"परत जावंच लागलं नाही सर. त्याच दिवशी एसटीत बसून सगळं बघितलं, ओके होतं."

म्हणजे चारच्या गाडीत, ती तिकडे घरी भांडी घासत होती तेव्हाच, त्यांना माहीत होतं. त्यांनी लपवलं असतं तर तिला रागावता तरी आलं असतं. पण लपवलं नव्हतं, तिला सांगायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तास संपल्यावर तिने वही पिशवीत भरली, बाहेर आली, तोवर तिघं जिना उतरून गेली होती. मनस्वीला फार एकटं वाटलं. हॉस्टेलवर रोज वाटायचं त्याहून हे निराळं होतं, कारण महिनाभर तिला तसं वाटलं नव्हतं.

शनिवारी ती गावी गेली. सखूकाकी लांज्याच्या बाजाराला गेली होती. माती सारवणात घट्ट बसली होती, ती खरवडून काढावी लागली. पाचोळा चार पाट्या निघाला. राख झाडून काढली, काकीच्या गोठ्यातून शेण आणून पडवी आणि खळं पुन्हा सारवलं. दुपार कलली तेव्हा हात कोपरापर्यंत भरले होते आणि पोटात सकाळचा चहा होता. चूल तिने पेटवलीच नव्हती. एकटीसाठी कोण पेटवणार?

तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. मनस्वीने हात पुसून तो घेतला, आणि मागे ओलं, हिरवं खळं दिसतंय हे तिच्या लक्षातच आलं नाही.

"अगोबाई, केवढं छान सारवलंस!" आईचा चेहरा फुलून आला. "आले काय गो ते सगळे?"

खरं सांगायला तिने तोंड उघडलं. आई मागे भावाला हाक मारत होती, "ये रे, बघ, ताईच्या मैत्रिणी आल्यात घरी!"

"हो, आलेत," मनस्वी म्हणाली.

"दाखव तरी मला."

"आत आहेत. जेवतायत."

"पोटभर वाढ हां. पोरं लाजतात दुसऱ्याच्या घरी."

"वाढते."

मागची रिकामी पडवी दिसू नये म्हणून तिने फोन चेहऱ्याच्या अगदी जवळ धरला होता. एवढा जवळ, की आईला नुसते तिचे डोळे दिसत असावेत.

"आणि तू? तू जेवलीस?"

"त्यांचं होऊ दे आई, मग मी बसते."