पोथी झालेली कादंबरी

मित्रांनो, मला हातात घेण्यापूर्वी हात धुवायची गरज नाही. चहा पिता पिता वाचलेत तरी चालेल, डाग मला नवे नाहीत. मी एक जुनी प्रेमाची कादंबरी आहे. हो, प्रेमाची. हसायचे असेल तर हसून घ्या. माझे नाव 'लतिकेचा होकार'. लतिका ही वकिलांची मुलगी आणि प्रभाकर हा चित्रकलेचा गरीब शिक्षक. पहिल्याच भेटीत दोघांना एकमेकांची ओढ लागते, पण तसे कबूल करायला त्यांना माझे शेवटचे पान गाठावे लागते. मध्ये एका छत्रीवरून त्यांचा असा काही गैरसमज होतो की वाचणाऱ्याला वाटावे, उठून दोघांच्या पाठीत एकेक धपाटा घालावा. पण धपाटा घालता येत नाही म्हणूनच तर माणसे पुढचे पान उलटतात.

माझा जन्म बेळगावच्या एका लहानशा छापखान्यात झाला. तिथे वेंकोबा नावाचे बाइंडर होते. माझ्या प्रतीचे चित्राचे वेष्टन छापताना बिघडले, म्हणून मालकांनी मला बाजूला टाकले. वेंकोबांनी मला उचलले. एका मठाच्या पोथ्या बांधून उरलेले लाल कापड त्यांच्याकडे पडले होते, ते त्यांनी मला चढवले. कसर लागू नये म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद घातले. त्या मोरचुदाचे उपकार मी अजून मानते. मग त्यांनी मला घरी नेले आणि आपल्या मुलीच्या, इंदिरेच्या, हातात दिले.

इंदिरा मला माजघरात बसून वाचू लागली. लतिका प्रभाकरला नकार देऊन घरी परतते, तिथवर ती आली आणि नेमके तिचे लग्न ठरले. नुकतीच राज्यांची फेररचना होऊन बेळगाव म्हैसूर राज्यात आले होते. आता मुलीलाही म्हैसूरचेच स्थळ आले. "आधी गाव गेलं, मागोमाग पोरगीही निघाली," असे वेंकोबा थट्टेने म्हणत आणि तोंड फिरवून डोळे पुसत. इंदिरेने माझ्या पानाचा कोपरा दुमडला आणि मला ट्रंकेत लुगड्यांच्या खाली ठेवले. पुढे काय होते ते सासरी गेल्यावर निवांत वाचू, असा तिचा बेत होता.

तिचे सासर रंगाऱ्यांचे. कापड रंगवणारी आणि त्यावर ठसे उमटवणारी ही माणसे पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात राहिलेली. घरात बोलायचे मराठीत, पण अर्धे शब्द कन्नडचे. शाळा कन्नड, दुकानाची पाटी कन्नड, हिशेब कन्नड, बाजाराची यादीसुद्धा कन्नड अक्षरांत. मराठी अक्षरे त्या घरात एकाच ठिकाणी सापडत, देवघरातल्या पोथ्यांत. त्यामुळे मराठी अक्षर दिसले की हात जोडायचे, हा तिथला नेमच होता.

आता पुढे काय झाले असेल ते तुमच्या लक्षात आलेच असेल. नव्या सुनेची ट्रंक पाहायला गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. इंदिरेच्या सासूबाई भागीरथीबाई एकेक लुगडे उचलून दाखवत होत्या आणि खालून मी निघाले. लाल कापड, आत मराठी अक्षरे! भागीरथीबाईंनी मला चटकन कपाळाला लावले.

"अय्यो! पोथी अशी लुगड्यांत कोंबून आणलीस काय गं? मडी-गिडी काही बघायचं की नाही?"

मडी म्हणजे सोवळे. इंदिरा काही सांगायला गेली, तेवढ्यात एक शेजारीण म्हणाली, "सून बघा हो! बाकीच्या पोरी पावडरचा डबा आणतात, हिनं पोथी आणली." सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. भागीरथीबाईंचा चेहरा असा फुलला की इंदिरेने मुकाट्याने लुगड्यांच्या घड्या घालायला घेतल्या. आणि मी, लतिका-प्रभाकरासकट, देवघरात चौरंगावर जाऊन बसले.

मित्रांनो, देव होणे फार कंटाळवाणे असते बरे का. रोज सकाळी मला हळद-कुंकू लागे, जास्वंदीचे फूल मिळे, उदबत्तीचा धूर नाकातोंडात जाई. पण उघडत कोणी नव्हते. पुस्तकाला कोणी उघडले नाही की त्याचा श्वास कोंडतो. माझ्या पोटात प्रभाकर बिचारा नकार घेऊन तसाच उभा होता.

इंदिरेची दशा माझ्याहून वाईट. फुले घेऊन ती देवघराच्या दाराशी येई आणि माझ्याकडे टक लावून बघे. माहेरची अशी मी एकटीच तिच्याजवळ होते, आणि मीच हाताला लागत नव्हते. सासूबाईंना खरे सांगून टाकावे, तर त्यांनी महिनोन्‌महिने एका प्रेमकथेची पूजा केली हे उघडे पडणार. साऱ्या गल्लीत त्यांनी सुनेचे कौतुक सांगितलेले. त्यांचे हसे होणार आणि हिची तर सोयच राहणार नाही. बरे, जितके दिवस जात होते तितके सांगणे अवघड होत होते. गप्प राहावे, तर मी जन्मभर चौरंगावरच राहणार.

दसरा आला. घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडल्या गेल्या. सरस्वतीपूजेला घरातली सगळी पुस्तके एकावर एक रचली आणि सगळ्यांत वर मला ठेवले. पूजेला बसला इंदिरेचा नवरा शामसुंदर. उंच, अबोल, आणि हात कोपरापर्यंत निळे. रंगाच्या पिंपात रोज हात घालणारा माणूस तो, किती घासले तरी निळाई जात नसे. त्याने संध्याकाळच्या वर्गाला जाऊन हिंदीच्या परीक्षा दिल्या होत्या, म्हणून त्याला माझी अक्षरे वाचता येत. हे मात्र कोणाच्या ध्यानात नव्हते.

फूल वाहायला त्याने मला मधेच कुठेतरी उघडले. वाचले. पुन्हा वाचले. तिथे लतिकेचा पदर वाऱ्याने उडतो आणि प्रभाकर आकाशाकडे बघू लागतो. शामसुंदरला ठसका लागला.

"काय रे, काय झालं?" भागीरथीबाईंनी विचारले.

त्याने मान वर केली. दाराशी इंदिरा उभी होती आणि तिचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. त्याने तिच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि मिशीतल्या मिशीत हसला.

"काही नाही, आई. पोथी फार चांगली आहे. पण नुसती पूजा करून चालतं काय? पोथी वाचायला पाहिजे. पारायण करायला सांग तुझ्या सुनेला."

इंदिरेला वाटले, ह्या माणसाने आपल्याला आगीतून फुफाट्यात टाकले. मला मात्र तो तिथेच आवडला. बायकोचे पुस्तक तिच्या हातात परत देण्याचा दुसरा रस्ता त्याला दिसला नसावा.

भागीरथीबाईंना ही गोष्ट पटायला वेळ लागला नाही. विजयादशमी उलटल्यावर एका दुपारी सोप्यावर सतरंजी अंथरली गेली. प्रसादाला तूप सुटलेला शिरा झाला. त्याला तिकडे सज्जिगे म्हणतात. गल्लीतल्या बायका न्हाऊन, गजरे माळून आल्या. शामसुंदर बाहेरच्या पायरीवर एक मोडका ठसा दुरुस्त करत बसला. इंदिरा मला मांडीवर घेऊन मधोमध बसली.

तिने आदल्या दिवशी मनाशी ठरवले होते. पुस्तक उघडायचे आणि लहानपणी ऐकलेली कुठली तरी देवाची कथा सांगायची. बायकांना थोडेच वाचता येते! पण तिने मला उघडले ते नेमके कोपरा दुमडलेल्या पानावर. पहिल्या ओळीवर नजर पडली आणि ठरवलेले सगळे ती विसरली. भुकेल्या माणसापुढे ताट आल्यावर त्याने काय करावे? ती वाचू लागली. लतिका खिडकीशी उभी आहे, प्रभाकर निघून गेला आहे, त्याने तिची छत्री का घेतली नाही हे तिला कळत नाही.

बायका ऐकत होत्या. पहिल्या पानाला हात जोडलेले होते, दुसऱ्या पानाला हात मांडीवर आले, तिसऱ्याला एकीने डोळ्यांना पदर लावला. शेवटी भागीरथीबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "इंदिरे, ह्यात देव केव्हा येतो गं?"

 बाहेर ठशावरची हातोडी थांबली. इंदिरेने मला मिटले आणि सासूबाईंच्या डोळ्यांकडे पाहिले.

"आई, ह्यात देव येत नाही. ही पोथी नव्हे, कादंबरी आहे. लाल कापड माझ्या वडिलांनी घातलं. तुम्ही हिला कपाळाला लावलंत, मग मला सांगायचा धीर झाला नाही. माझं चुकलं."

मित्रांनो, त्या क्षणी मला बंबाची धग जाणवू लागली. मागच्या अंगणात पाणी तापवायचा मोठा बंब होता आणि त्यात सगळा कागदकचरा जाई. भागीरथीबाईंनी माझ्यावरच्या हळदी-कुंकवाच्या ठिपक्यांकडे पाहिले. मग जमलेल्या बायकांकडे पाहिले. त्यांतली एकही उठली नव्हती.

"त्या पोरीला कळलं काय," त्यांनी विचारले, "त्यानं छत्री का घेतली नाही ते?"

"अजून नाही."

"मग थांबतीस कशाला? वाच, वाच. निधान वाच, घाई करू नको."

निधान म्हणजे सावकाश. "आणि पूजा?" एका बाईने हळूच विचारले.

"केली ती केली. फुकट जात नाही ती," भागीरथीबाई म्हणाल्या. "देव काय रुसतोय काय एवढ्याला? त्याला बाकीच्या पोथ्या आहेत अल्वा?"

अल्वा म्हणजे नाही का. सगळ्या हसल्या. सर्वांत मोठ्याने इंदिरा हसली, आणि हसता हसता रडलीसुद्धा. त्या दिवसापासून माझा मुक्काम देवघरातून सोप्यावरच्या फळीवर आला. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

पुढची वर्षे माझ्या भरभराटीची. मी घरोघर फिरले. एकीने मला हुळीच्या, म्हणजे चिंचेच्या आमटीच्या, पातेल्याशेजारी इंदिरेकडून वाचून घेतले, तो डाग अजून आहे. लतिका होकार देते त्या पानावर एक निळा अंगठा उमटला आहे. तो कोणाचा, हे सांगायला नको. सगळे कामावर गेले की हा अबोल माणूस मला फळीवरून काढी. एकदा तो इंदिरेला म्हणाला, "प्रभाकर फार बोलतो." ती म्हणाली, "आणि काही माणसं फार कमी." दुसऱ्या दिवशी त्याने देवराज मार्केटातून तिच्यासाठी मल्लिगेचा गजरा आणला आणि काही न बोलता माझ्यावर ठेवला. माझी पाने चार दिवस मोगऱ्यासारखी दरवळत होती.

इंदिरा मला पुन्हा पुन्हा वाचे. गंमत अशी की अक्षरे तीच असून तिला दर वेळी मी निराळी वाटे. तरुणपणी तिला प्रभाकर आवडला. मुले झाल्यावर ती लतिकेच्या आईची बाजू घेऊ लागली. केस पिकल्यावर तिला दोघेही वेडे वाटू लागले, तरी निळ्या अंगठ्याच्या पानाशी आली की चष्मा पुसावाच लागे. शामसुंदर गेल्यानंतर तर ती ते पान वाचण्याऐवजी नुसता हात फिरवी.

मग तिच्या डोळ्यांना बारीक अक्षर दिसेनासे झाले. रंगाची पिंपे केव्हाच गेली होती. घर पाडून वर मजले चढले. मुलेबाळे कन्नडमध्ये आणि इंग्रजीत वाचू लागली. मी कपाटात एका जुन्या पंख्याच्या मागे जाऊन पडले. मोरचूद होते म्हणून वाचले, पण कोणी वाचत नव्हते. तेव्हा मी थोडी खट्टू झाले होते, ते खरे.

गेल्या वर्षी इंदिराबाईंची नात तुंगा कपाट आवरत होती. ती नंजनगूडच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते आणि रोज रेल्वेने ये-जा करते. मला पाहताच ती ओरडली, "आज्जी, किती व्हिंटेज आहे हे! मी फ्रेम करून काचेत लावते. हॉलमध्ये सूपर दिसेल."

 पुन्हा बंदिवास! या वेळी उदबत्तीऐवजी दिवे लागणार, एवढाच फरक.

"बेडा," इंदिराबाई म्हणाल्या. म्हणजे नको. "काचेत घालायचं असलं तर माझा फोटो घाल, मी गेल्यावर. हिला वाचून काढ."

"मला एवढं मराठी वाचायला येत नाही, आज्जी. स्लो होतं फार."

"स्लो तर स्लो. लतिकेला कुठं घाई होती?"

दुसऱ्या दिवशी तुंगाने मला डब्याशेजारी पिशवीत टाकले.

मित्रांनो, माझे तुमच्याकडे एकच मागणे आहे. पुस्तकाला पाय लागला तर तुम्ही नमस्कार करता, ते छानच आहे. पाने फाडू नका, कोपरे दुमडलेत तर मी रागावणार नाही. पण आम्हाला नुसते जपून ठेवू नका. चौरंगावर नको, काचेतही नको. तुमच्या घरात आजीचे, आजोबांचे असे एखादे पुस्तक पडले असेल, ते उघडा. अडखळत वाचा, चुकत वाचा, पण वाचा.

आमच्या तुंगाचेच बघा ना. पहिले काही दिवस ती एकेका ओळीवर बोट ठेवून वाचे आणि जांभया देई. मग तिचे बोट भरभर चालू लागले. परवा सकाळी ती छत्रीच्या प्रकरणापाशी आली. खिडकीबाहेर ऊस गेला, नारळ गेले, काबिनी नदीचा पूल गेला, तिने मान वर केली नाही. गाडी थांबली. डब्यातली निम्मी माणसे उतरली. फलाटावर मोठ्या अक्षरांत नंजनगूड लिहिले होते आणि मला ते तिच्या मांडीवरून स्वच्छ दिसत होते.

गाडी सुटली. तुंगाने पान उलटले. मी काही बोलले नाही.